कोयतीला इतक्यात हात नको
अरे, बोटाचं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शिवून तीनच आठवडे झालेत, इतक्यात नारळ सोलायला बसू नकोस. वरून जखम भरलेली दिसते, पण आतली शिवण कच्ची असते. पूर्ण जोर पेलायला साधारण 12 आठवडे लागतात. स्प्लिंट (हात जागेवर धरणारा कडक आधार) रात्रीही काढायचं नाही. मात्र हात नुसता गळ्यात बांधूनही ठेवू नकोस, टेंडन आत चिकटतं आणि बोट वळतच नाही. थेरपिस्टने दाखवलेत तेवढेच व्यायाम, पण रोज.

माझं बोट सुरमई कापताना विळीवर गेलं होतं. सातव्या आठवड्यात त्या हाताने भाताचा पहिला घास उचलला, तेव्हा रडले मी.

एसटीचा कंटाळा करून उपचारासाठीची रत्नागिरीची फेरी चुकवू नकोस. आणि वळणारं बोट अचानक वळेनासं झालं, तर त्याच दिवशी सर्जनला गाठ.