कार्ड कोणाकडे असावे?

प्रश्न : मी खासगी कंपनीत नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी मला बायपोलर आजाराचे निदान झाले. औषधे नियमित चालू असूनही गेल्या पावसाळ्यात उन्मादाच्या भरात मी रात्री दोन वाजता महागडे दोन कॅमेरे मागवले आणि त्यासाठी मोबाइल ॲपवरून कर्ज काढले. पुढच्या नैराश्यात बिलांकडे पाहिलेही नाही. आता एटीएम कार्ड, पिन आणि पासवर्ड पत्नीकडे आहेत. तिचे चुकले असे म्हणवत नाही. पण चहाला पैसे मागताना मान खाली जाते. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : या आजारात पैशाचे नुकसान उन्माद आणि नैराश्य या दोन्ही टोकांना होते, पण वेगवेगळ्या रीतीने, त्यामुळे सारे व्यवहार पत्नीच्या हाती देण्याच्या एकाच उपायाने ते थांबत नाही. शिवाय पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला देणे बँकेच्या नियमांत बसत नाही आणि उद्या फसवणूक झाली तर भरपाईचा दावा त्यामुळे लंगडा पडतो.

नैराश्यासाठीची तजवीज सोपी आहे : घरभाडे, विम्याचा हप्ता आणि कर्जाचे हप्ते पगार जमा होताच खात्यातून आपोआप वळते होतील, अशी सूचना बँकेला देऊन ठेवा.

उन्मादाच्या काळात मात्र वाटेत अडथळे हवेत. पगारखात्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवून उरलेली दोघांच्या संयुक्त खात्यात वळवावी. परंतु ते खाते दोघांच्या सह्यांनीच चालेल असे पाहावे, कारण ‘दोघांपैकी कोणीही’ हा पर्याय निवडल्यास एकट्याला सगळी रक्कम काढता येते आणि खाते नावापुरतेच संयुक्त उरते. कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बंद करण्याची किंवा त्यांची मर्यादा घटवण्याची सोय बँकेच्या ॲपमध्ये असते. क्रेडिट कार्ड असल्यास ते सरळ बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ॲपवरील कर्ज हातून घेतले गेलेच, तर घरच्यांनी त्याच दिवशी हालचाल करावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्ज घेतल्यावर किमान एक दिवसाची मुदत मिळते आणि तीत मुद्दल व तेवढ्या काळाचे व्याज भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येते. १८७२च्या करार कायद्याच्या १२व्या कलमाप्रमाणे एरवी सुजाण असलेली व्यक्ती मन ठिकाणावर नसताना करार करू शकत नाही. तथापि नुसते निदान दाखवून भागत नाही, त्या दिवसांतली मनःस्थिती सिद्ध करावी लागते. म्हणून डॉक्टरांच्या तारीखवार नोंदी जपून ठेवाव्यात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार पत्नीला नामनिर्देशित प्रतिनिधी जरूर नेमा, मात्र तो अधिकार उपचारांपुरताच असून त्याने खाते चालवता येत नाही.

हे सारे प्रकृती स्थिर असताना दोघांनी बसून लिहून काढावे. झोप किती घटली की कार्ड पत्नीकडे द्यायचे हे त्यात असावेच; पण डॉक्टरांनी काय सांगितल्यावर ते आपल्याकडे परत यायचे, हेही तितकेच स्पष्ट असावे. घरोघरी ही दुसरी अट लिहायची राहून जाते आणि तात्पुरती व्यवस्था कायमची होऊन बसते. सध्या प्रकृती स्थिर असेल, तर पुढच्या तपासणीला पत्नीला सोबत न्या आणि कार्ड परत घेण्याचा विषय डॉक्टरांसमोरच काढा.