रात्रपाळीहून परतताना सकाळचे ऊन अंगावर घ्यावे का?

आपला प्रश्न असा आहे : आपण सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागावर काम करता, एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रात्रपाळी असते, रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा चार तासांपलीकडे झोप लागत नाही, आणि नुकत्याच केलेल्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 6.2 टक्के आली, म्हणून डॉक्टरांनी गोळी सुरू केली. अशात एका व्हिडिओत आपण ऐकले की, सकाळी सात वाजता सूर्याकडे तोंड करून अर्धा तास बसल्यास पेशींतील मायटोकाँड्रिया ‘चार्ज’ होतात, झोप सुधारते आणि गोळीची गरज उरत नाही. हे करावे का, असे आपण विचारले आहे.

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले आणि रात्रपाळी करणाऱ्या माणसाच्या घरात वाढलो. माझे उत्तर असे की, दिवसपाळीच्या आठवड्यात सकाळचा उजेड जरूर घ्या, पण रात्रपाळीहून घरी झोपायला जाताना तो शक्य तितका टाळा, आणि गोळी कोणत्याही आठवड्यात स्वतःच्या मनाने बंद करू नका.

असे का, हे समजण्यासाठी उजेडाचे शरीरातील पहिले काम लक्षात घ्यावे लागते, आणि ते काम वेळ सांगण्याचे आहे. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. शरीराचे मुख्य घड्याळ ते हेच. बाहेरची कोणतीही खूण मिळाली नाही तरी ते चालतच राहते. 1962 मध्ये मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ घड्याळ न घेता आल्प्समधील एका गुहेत दोन महिने राहिला. 14 सप्टेंबरला त्याला बाहेर बोलावले तेव्हा त्याच्या हिशेबाने अजून 20 ऑगस्टच होता. दिवस मोजण्यात तो इतका चुकला, तरी झोपण्या-उठण्याचे त्याचे चक्र मात्र साधारण चोवीस तासांच्या आसपासच फिरत राहिले होते. माणसाचे हे आतले घड्याळ सरासरी 24 तास 11 मिनिटांचे असते, असे पुढे काटेकोर मोजमापांतून दिसले; म्हणजे ते रोज थोडे मागे पडते आणि रोज जुळवून घ्यावे लागते. ही जुळणी प्रामुख्याने उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यावरील काही मोजक्या पेशींत मेलानोप्सिन नावाचे द्रव्य असते. त्या पेशींचे मुख्य काम चित्र दाखवण्याचे नसून बाहेर किती उजेड आहे हे मेंदूतील घड्याळाला कळवण्याचे असते, आणि निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात.

आपल्या प्रश्नाचे मर्म पुढच्या गोष्टीत आहे. रात्री झोपणाऱ्या माणसाच्या शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली जाते. त्याच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ मागे ढकलतो, आणि त्यानंतर पडलेला उजेड ते पुढे ओढतो. आपण सकाळी सात-साडेसातला शेडमधून बाहेर पडता तेव्हा शरीर आधीच जागे होण्याच्या वाटेवर असते, आणि त्याच वेळी उघड्या आकाशाचा उजेड त्याला ‘दिवस सुरू झाला’ असे ठामपणे सांगतो. लक्स या उजेड मोजण्याच्या एककात सांगायचे तर घरातल्या ट्यूबखाली उजेड शंभर ते तीनशे लक्स असतो. सकाळच्या उघड्या आकाशाखाली तो सहज दहा हजारांच्या घरात जातो. त्या उजेडात अर्धा तास बसून मग अंथरुणावर आडवे झाल्यास दुपारी बाराला टक्क जाग येणारच. व्हिडिओतील सकाळच्या उजेडाचा सल्ला रात्री झोपणाऱ्यांसाठी चांगला आहे. आपल्यासाठी त्या आठवड्यात तो उलटा पडतो.

माझे वडील इथल्याच एका कापड गिरणीत साचेखात्यात होते. तिसऱ्या पाळीहून ते सकाळी सायकलवर यायचे, तेव्हा त्यांच्या भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर कापसाचा बारीक भुगा असायचा. ते येण्याआधीच आई पूर्वेकडच्या खिडकीला जाड चादर दुहेरी करून दोन खिळ्यांवर अडकवायची. तरीही कडेने उजेडाची एक पट्टी जमिनीवर यायची, म्हणून त्या फटीत ती जुन्या लुगड्याचा बोळा खोचायची. वडिलांना अर्धी भाकरी आणि ताक एवढेच द्यायची आणि आम्हा मुलांना अंगणात पाठवायची. तिला ना मेलानोप्सिन ठाऊक होते ना घड्याळाच्या पेशी. उजेड शिरला की नवऱ्याची झोप मोडते, एवढे तिने वर्षानुवर्षे पाहिले होते. मी वर्गात हा विषय शिकवू लागलो तेव्हा ती खिडकी मला दर वेळी आठवायची.

आता मायटोकाँड्रियाविषयी. पेशीतील हे सूक्ष्म घटक अन्न आणि प्राणवायू यांपासून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा तयार करतात. बॅटरीसारखे ‘चार्ज’ होणे ही त्यांची रीत नाही, पण प्रकाशाशी त्यांचा काहीच संबंध नाही असेही म्हणता येणार नाही. तांबडा आणि त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश त्वचेतून काही अंतर आत जातो, आणि तो मायटोकाँड्रियाच्या कामाला मदत करत असावा असे मानण्यास आधार आहे. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या ग्लेन जेफरी यांच्या गटाने 2021 मध्ये दाखवले की, 670 नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान तीन मिनिटे डोळ्यांवर टाकल्यास रंगांतील फरक ओळखण्याची क्षमता सरासरी 17 टक्क्यांनी वाढली. दुपारी तोच प्रयोग केला तेव्हा परिणाम दिसला नाही. म्हणजे मायटोकाँड्रियाही घड्याळाला बांधलेले आहेत. 2024 मध्ये तशाच प्रकाशाचा झोत पाठीवर 15 मिनिटे टाकून नंतर ग्लुकोजचे पाणी पाजले असता रक्तातील साखरेची एकूण वाढ 27.7 टक्के कमी झाली. व्हिडिओतील दाव्याचे मूळ बहुधा इथेच असावे. पण त्या प्रयोगात सगळे मिळून 30 निरोगी माणसे होती, झोत दिव्याचा होता आणि मोजणी दोन तासांची होती. त्यावरून ‘ऊन घ्या, गोळी सोडा’ असे सांगणे मला गंभीर चूक वाटते, कारण साखर वाढत राहिली तर ते ऐकणाऱ्याचे डोळे आणि मूत्रपिंडे पणाला लागतात. सूर्याकडे थेट पाहत तर कधीच बसू नये. दृष्टिपटल भाजते आणि ते दुखतही नाही, त्यामुळे नुकसान झाल्यावरच कळते.

आपल्या साखरेच्या बाबतीत उन्हापेक्षा रात्रीच्या डब्याकडे लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. यकृत, स्वादुपिंड, स्नायू यांचीही स्वतःची घड्याळे असतात, ती बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळेवर चालतात, आणि रात्री शरीराची साखर हाताळण्याची क्षमता मंदावलेली असते. अमेरिकेत 19 निरोगी तरुण माणसांवर रात्रपाळीसारखे वेळापत्रक लादून केलेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रात्री जेवणाऱ्यांची सरासरी ग्लुकोज पातळी 6.4 टक्क्यांनी वाढली. त्याच जागरणात फक्त दिवसा जेवणाऱ्यांची तशी वाढली नाही. हाही प्रयोग लहानच आहे, पण डबा लवकर खाण्यात धोका नाही आणि खर्चही नाही. तेव्हा पाळीला जाण्यापूर्वी संध्याकाळी सात-साडेसातला भाकरी-भाजीचे पूर्ण जेवण करा, रात्री एक-दोन वाजता भरपेट भात खाण्याऐवजी मूठभर शेंगदाणे किंवा ताक यावर भागवा, आणि तीननंतर चहा घेऊ नका, कारण त्यातील कॅफिन सकाळच्या झोपेपर्यंत टिकते. गोळी घेत असताना जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा. काही गोळ्यांनी रिकाम्या पोटी साखर फार उतरते.

पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात मागाजवळ उजेड भरपूर असू द्या. घरी येताना कडा असलेली टोपी आणि काळा गॉगल वापरा. मात्र डोळ्यांवर झापड असेल तर गॉगल लावून दुचाकी चालवू नका, रिक्षाने या. खिडकी पूर्ण झाका, पंखा लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात अंधार करूनही झोप येत नाही, कारण झोपेसाठी शरीराचे तापमान उतरावे लागते. झोपण्याआधी अंगावर पाणी घेतल्याने बराच फरक पडतो. दिवसपाळीच्या आठवड्यात मात्र उठल्यावर अर्धा तास बाहेर चाला. सावलीतला उजेडही पुरतो, आणि घड्याळ पुन्हा जागेवर यायला त्याची मोठी मदत होते.

पुढच्या वेळी रक्त तपासायला जाल तेव्हा कोणता आठवडा चालू आहे ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. रात्रभर जागून सकाळी दिलेल्या उपाशीपोटीच्या साखरेवर जागरणाचा परिणाम झालेला असू शकतो. तीन महिन्यांची सरासरी एका आठवड्याने फारशी हलत नाही, म्हणून दोन्ही आकडे त्यांच्यासमोर ठेवा.