नाशिकमध्ये पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली येणारा काळा-नारिंगी, मुंगीसारखा किडा कोणता?

वर्णनावरून हा पेडेरस दिसतो. मुंगी नव्हे, भुंगेरा; कुळ स्टॅफिलिनिडी. यातली भातखाचरांत सर्रास आढळणारी जात पेडेरस फस्किपस, नाव दिलं ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ जॉन कर्टिसने, 1826 साली.

लांबी जेमतेम 7-8 मिमी. डोकं काळं, मान-छाती नारिंगी, त्यामागे निळसर-हिरवे चकाकणारे आखूड, झाकणासारखे पंख. पोट उघडंच, नारिंगी, टोकाला काळं. खरे उडायचे पंख त्या इवल्या झाकणाखाली घडी करून ठेवलेले असतात! चालताना शेपूट विंचवासारखं वर करतो.

तो चावत नाही, पण अंगावर चिरडू नका, कृपया. रक्तातल्या पेडेरिन या विषाने दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात. फुंकर मारून उडवा, चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा. इगतपुरीकडच्या भातात मात्र तो मावा-तुडतुडे खाणारा मित्रकीटक आहे.