हातात धरता येणाऱ्या नेटवर्क ॲनालायझरने मंद नेटवर्कमधील दोष कसा शोधावा?

पुष्कळजण थेट पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे छोटे तुकडे, पकडायला बसतात. माझ्या मते सुरुवात केबलपासूनच करावी. ज्या संगणकाची तक्रार आहे, त्याचीच केबल ॲनालायझरला जोडून जोडणीचा वेग पाहावा. तो 1000 ऐवजी 100 एमबीपीएस दिसल्यास केबलमधील एखादी तार तुटल्याची शंका घ्यावी, कारण गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसला, तारांच्या चारही जोड्या लागतात, तर 100 एमबीपीएसचे काम दोन जोड्यांवर भागते. दोष साधारण किती मीटरवर आहे, हेही अनेक उपकरणे केबलमध्ये सोडलेल्या आणि दोषापासून परतणाऱ्या विद्युत स्पंदावरून सांगतात. केबल निर्दोष निघाली, तर डीएचसीपीकडून (संगणकांना आपोआप नेटवर्कवरील पत्ता देणारी यंत्रणा) पत्ता मिळतो का आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी सेवा) किती वेळात उत्तर देतो, हे तपासावे. पॅकेट पाहायचेच असतील, तर स्विचवर (संगणकांच्या केबल एकत्र जोडणारे उपकरण) आधी पोर्ट मिररिंग, म्हणजे इतर पोर्टवरील वाहतुकीची प्रत ॲनालायझरच्या पोर्टवर पाठवण्याची सोय, सुरू करून घ्यावे, अन्यथा इतर संगणकांची बहुतांश वाहतूक ॲनालायझरपर्यंत पोहोचतच नाही.