‘एवढे संघ का बदलले?’

प्रश्न : ताई, ताज मॅकविल्यम्स-फ्रँकलिन या अमेरिकन बास्केटबॉलपटूच्या संघांची यादी पाहिली. ऑर्लँडो, कनेक्टिकट, लॉस अँजेलिस, वॉशिंग्टन, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, मिनेसोटा, शिवाय परदेशातले क्लब वेगळेच. माझे मित्र म्हणतात, खरी मोठी खेळाडू स्यू बर्डसारखी एकाच संघात राहते. एवढे संघ बदलावे लागले म्हणजे ताज कोणालाच फारशी नको होती का?

उत्तर : हे मत मी पुष्कळदा ऐकलं आहे आणि दर वेळी मला त्याचा रागच येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी यादी नीट पाहू. ऑर्लँडो आणि कनेक्टिकट हे दोन संघ नव्हेतच. १९९९मध्ये ताज डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमधल्या ऑर्लँडो मिरॅकलमध्ये आली. मोहिगन या मूळ अमेरिकी जमातीने तोच संघ विकत घेतला आणि २००३पासून तो कनेक्टिकट सन या नावाने खेळू लागला. ताज होती तिथेच होती, संघाचं गाव बदललं. त्याच्याही आधी एबीएल नावाची एक व्यावसायिक लीग होती. १९९६मध्ये ताज तिच्यातल्या रिचमंड रेजकडून खेळायची. पुढच्याच वर्षी तो संघ फिलाडेल्फियाला हलला आणि डिसेंबर १९९८मध्ये ऐन हंगामात पैसे संपल्यामुळे सगळी लीगच बंद पडली. २००९च्या हंगामानंतर डेट्रॉइट शॉक टल्साला गेला, तेव्हा ताजने न्यूयॉर्क गाठलं. अशा लीगमध्ये एखादी खेळाडू वीस वर्षं टिकते तेव्हा तिने किती संघ बदलले हे मोजताना किती संघ तिच्यासमोर उठून गेले तेही मोजायला हवं.

आता ‘नको होती’ याबद्दल. २००८च्या जुलैत डेट्रॉइटच्या शेरिल फोर्डला गुडघ्याची मोठी दुखापत झाली आणि तिचा हंगाम संपला. डेट्रॉइट विजेतेपदाच्या तयारीचा संघ, आणि त्याची रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फटक्याचा परतलेला चेंडू, घेणारी मुख्य खेळाडूच गेली. ऑलिम्पिकसाठी लीग थांबली होती, त्या काळात प्रशिक्षक बिल लँबीअरच्या संघाने वॉशिंग्टनकडून ताजला मागून घेतलं. बदल्यात दोन तरुण खेळाडू आणि पुढच्या ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडू वाटून घेण्याच्या फेरीतली, एक निवड दिली. ताज तेव्हा ३७ वर्षांची होती! त्या वयाच्या खेळाडूसाठी कोणी भविष्य देऊन टाकत नाही, पण डेट्रॉइटने दिलं. काही आठवड्यांत संघाने अंतिम फेरीत सॅन अँटोनियोला ३-० असं हरवलं. कनेक्टिकटकडून २००४ आणि २००५ अशा सलग दोन अंतिम फेऱ्या हरलेल्या ताजचं डब्ल्यूएनबीएमधलं हे पहिलं विजेतेपद.

डेट्रॉइटमध्ये लँबीअरची सहायक होती शेरिल रीव्ह. ती पुढे मिनेसोटा लिंक्सची मुख्य प्रशिक्षक झाली आणि २०११मध्ये ताज तिथे पोचली. त्या संघात लिंडसे व्हेलन, सिमोन ऑगस्टस, रेबेका ब्रन्सन आणि नुकतीच कॉलेजातून आलेली माया मूर. अशा संघाला पाचवी खेळाडू कशी लागते? जिच्या हातात चेंडू नसला तरी जिचा खेळ थांबत नाही अशी. ऑगस्टस मोकळी सुटते ती ताजने योग्य जागी, योग्य कोनात स्क्रीन, म्हणजे बचाव करणारीच्या वाटेत स्वतःच्या अंगाचा अडसर, लावलेला असतो म्हणून. समोरचा संघ हल्ला करतो तेव्हा मागे उभी राहून ‘स्क्रीन डावीकडून’, ‘बदल’, ‘मागे हो’ हे सतत ओरडणारी ताज असते. गुणतक्त्यात याचा एकही रकाना नाही. मी स्वतः मुलींना शिकवताना त्या संघाचे सामने लावते आणि सांगते, दोन मिनिटं चेंडूकडे बघूच नका, फक्त आठ नंबरकडे, म्हणजे ताजकडे, बघा. लिंक्सने त्या वर्षी ३४पैकी २७ सामने जिंकले आणि अंतिम फेरीत अटलांटाला ३-० हरवलं. तेव्हा ताजच्या एकेचाळिसाव्या वाढदिवसाला दोन आठवडेही उरले नव्हते.

आणि स्यू बर्डचा दाखलाही तपासून पाहा. अमेरिकेत ती २००२पासून २०२२पर्यंत फक्त सिॲटलकडून खेळली हे खरंच आहे, त्याबद्दल मला तिचा मनापासून आदर आहे. पण हिवाळ्यात तीही रशियात खेळत होती, एकाहून जास्त क्लबांकडून.

प्रश्न : अमेरिकेत एवढी लीग असताना या खेळाडू रशिया-तुर्कस्तानात का जातात? देशासाठी खेळून झाल्यावर पैशांमागे धावणं बरं दिसतं का?

उत्तर : बरं दिसतं. पोटासाठी काम करणाऱ्या माणसाला आपण हा प्रश्न विचारत नाही, मग खेळाडू बाईला का विचारायचा?

हिशेब बघा. २०१५मध्ये डायना टॉरासी ही जगातली सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होती. फिनिक्सकडून तिला एका हंगामाचे जेमतेम एक लाख सात हजार डॉलर मिळायचे. रशियातला येकातेरिनबर्गचा क्लब तिला सुमारे पंधरा लाख डॉलर देत होता. त्या वर्षी क्लबने तिला सांगितलं, उन्हाळ्यात अमेरिकेत खेळू नकोस, विश्रांती घे, त्याचेही पैसे आम्ही देतो. तिने ते मान्य केलं आणि डब्ल्यूएनबीएचा तो पूर्ण हंगाम ती बाहेर राहिली. ज्या लीगची ती ओळख होती त्या लीगमध्ये न खेळण्यासाठी तिला जास्त पैसे मिळाले. यात चूक टॉरासीची नाही.

वेळापत्रकही असं की दोन्हीकडे खेळता येतं. अमेरिकेचा हंगाम उन्हाळ्यात, युरोपचा शरद ऋतूपासून वसंतापर्यंत. एक संपला की दुसरा. शरीराला मात्र सुट्टी नाही. एप्रिल २०१९मध्ये ब्रियाना स्टुअर्ट रशियातल्या डायनामो कुर्स्ककडून युरोलीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळत होती, हंगेरीतल्या शोप्रॉनला. तिथे तिच्या टाचेवरचा स्नायूबंध तुटला. आधीच्या वर्षी डब्ल्यूएनबीएची सर्वोत्तम खेळाडू ठरलेली स्टुअर्ट २०१९चा अमेरिकन हंगाम एक सामनाही खेळू शकली नाही.

धोके फक्त शरीराचे नाहीत. टॉरासी आणि बर्ड ज्या स्पार्ताक मॉस्को रीजनकडून खेळायच्या, त्या क्लबचे मालक शाब्ताई काल्मानोविच आपल्या खेळाडूंना राजेशाही वागवायचे. २ नोव्हेंबर २००९ रोजी मॉस्कोत त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडून त्यांचा खून झाला. ब्रिटनी ग्रायनरचं तर सगळ्यांना आठवत असेल. १७ फेब्रुवारी २०२२ला शेरेमेत्येवो विमानतळावर तिच्या सामानात भांगेच्या तेलाच्या कुप्या सापडल्या, ऑगस्टमध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली, आणि ८ डिसेंबरला शस्त्रविक्रेता व्हिक्टर बूट याच्या बदल्यात तिला सोडण्यात आलं. ती तिथे गेली होती ती येकातेरिनबर्गच्या त्याच क्लबकडून खेळायला.

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२०च्या करारानंतर अमेरिकेतला वरचा पगार २ लाख १५ हजार डॉलरवर गेला. जानेवारी २०२५मध्ये स्टुअर्ट आणि नफीसा कोलियर यांनी मायामीजवळ अनरायव्हल्ड ही हिवाळी लीग सुरू केली, म्हणजे ज्यांना परदेशी जायचं नाही त्यांना घराजवळ कमाई करता यावी. हे फार पूर्वी व्हायला हवं होतं असं मला वाटतं.

प्रश्न : मी कॉलेजच्या संघात पोस्टला, म्हणजे बास्केटजवळच्या जागेवर, खेळते. एका देशातून दुसऱ्या देशात गेल्यावर या खेळाडू इतक्या लवकर कशा रुळतात? खेळ तर तोच असतो ना?

उत्तर : तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला. खेळ तोच, पण पोस्टच्या खेळाडूला तो हाताला आणि पायाला वेगळा लागतो.

ताज १९९३मध्ये कॉलेज संपवून परदेशी गेली. जर्मनी, लक्झेंबर्ग, इस्रायल हे तिचे सुरुवातीचे मुक्काम. त्या काळी फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनुसार बायकाही पुरुषांच्याच ७ नंबरच्या चेंडूने खेळत. ६ नंबरचा लहान चेंडू फिबाने २००४मध्ये आणला, अमेरिकेत मात्र बायकांसाठी तो आधीपासून होता. म्हणजे मायदेशी परतलं की चेंडू लहान, बाहेर गेलं की मोठा. एका हाताने रिबाउंड ओढणाऱ्या मुलीला हा फरक काय वाटतो ते तू दोन्ही चेंडू घेऊन अर्धा तास खेळून बघ.

दुसरं म्हणजे बास्केटखालचा रंगवलेला भाग. २०१०पर्यंत फिबाच्या कोर्टवर तो खाली रुंद होत जाणारा होता, तळाशी सहा मीटर. हल्ला करणारीला त्या भागात तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, त्यामुळे पोस्टच्या खेळाडूला बास्केटपासून आणखी लांब जागा धरावी लागे. जवळून फिरून टाकायचा फटका तिथे उपयोगाचा नाही. मधल्या अंतराचा शॉट पक्का हवा आणि पास देता यायला हवा. माझं मत असं की युरोपात खेळलेल्या अमेरिकन पोस्ट खेळाडूंचा पास सुधारतो त्याचं एक कारण हेच होतं.

अजूनही फरक आहेत. डब्ल्यूएनबीएमध्ये सहाव्या फाउलला बाहेर, फिबात पाचव्याच. रिंगला लागून वर उडालेला चेंडू फिबात कोणीही टोलवू शकतं, अमेरिकेत तो रिंगच्या वर असेपर्यंत हात लावता येत नाही. फिबात टाइमआउट फक्त प्रशिक्षक मागू शकतो. आणि अमेरिकन मुलींना युरोपात सगळ्यात जास्त छळणारी शिट्टी ट्रॅव्हलची, म्हणजे चेंडू हातात धरून नियमबाह्य पावलं टाकल्याची. पाय उचलण्याआधी चेंडू जमिनीकडे सुटलेला हवा, याबाबत तिथले पंच कडक. २०१७मध्ये फिबाने नियम सैल केला, तोवर पहिल्या महिन्यात चार-पाचदा तरी चेंडू गमावणं ठरलेलंच असे.

आता रुळण्याबद्दल. नव्या संघात आलेल्या अनुभवी खेळाडूचा पहिला प्रश्न असतो, ‘समोरच्यांनी चेंडूवर स्क्रीन लावला तर आपण काय करतो?’ मागे राहायचं, अदलाबदल करायची, की दोघींनी चेंडूवर धावायचं? एवढं कळलं की त्याच दिवशी ती बचावात उभी राहू शकते. हल्ल्याच्या चाली नंतर येतात. म्हणून तुला माझा सल्ला : प्रत्येक चाल स्वतःच्या जागेवरूनच पाठ करू नकोस, बाकी चौघींच्या जागांवरूनही ती शिक. सरावात प्रशिक्षकांना सांगून अधूनमधून बाहेरून चेंडू खेळवणाऱ्या गार्डच्या जागेवर उभी राहा. आणि बोल. बचावात गप्प राहणारी उंच मुलगी कुठल्याच प्रशिक्षकाला परवडत नाही.

प्रश्न : मुलंबाळं असलेल्या खेळाडू हे सगळं कसं निभावतात?

उत्तर : ताज तर कॉलेजात असतानाच आई झाली होती. लेकीला सांभाळत ती ऑस्टिनच्या सेंट एडवर्ड्स विद्यापीठात खेळली आणि शिकली. पुढे लीगभर तिला ‘ममा ताज’ म्हणत, ते तिच्या वयामुळे आणि तरुण खेळाडूंना जवळ घेण्याच्या स्वभावामुळे.

पण स्वभावावर किती दिवस भागवायचं? २०२०च्या कराराआधी बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार नव्हता. त्या कराराने पूर्ण पगार, मूल असलेल्या खेळाडूला दोन खोल्यांचं घर आणि पाळणाघराच्या खर्चासाठी वर्षाला पाच हजार डॉलर मिळू लागले. प्रवासात हॉटेलात प्रत्येकीला स्वतंत्र खोलीही तेव्हापासूनच. ताज त्याच्या आठ वर्षं आधी निवृत्त झाली होती.

प्रवासाचंही सांगते. २०१८च्या ऑगस्टमध्ये लास व्हेगास एसेसचा संघ विमानांच्या रद्द फेऱ्यांमुळे पंचवीस तासांहून जास्त वेळ अडकत वॉशिंग्टनला पोचला. अशा अवस्थेत खेळलं तर दुखापत होईल म्हणून खेळाडूंनी सामना खेळायला नकार दिला. लीगने तो सामना त्यांच्या नावावर हार म्हणून लिहिला. पूर्ण हंगामासाठी खास विमानं आली ती २०२४मध्ये. तोवर सव्वासहा फुटी मुली साध्या विमानातल्या मधल्या सीटवर गुडघे दुमडून बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी सामना खेळायच्या.

प्रश्न : निवृत्तीनंतर ताजचं काय झालं?

उत्तर : २०१२ची अंतिम फेरी मिनेसोटा इंडियानाकडून हरली, तिथे तिचं खेळणं थांबलं. नंतर ती प्रशिक्षणात उतरली. २०१८मध्ये डॅलस विंग्जची सहायक असताना हंगाम संपायला अगदी थोडे सामने उरले होते, तेव्हा मुख्य प्रशिक्षकांना काढलं आणि संघ तिच्या हाती दिला. विंग्जने प्लेऑफची, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांची, जागा मिळवली आणि पहिल्याच फेरीत ते फिनिक्सकडून हरले. त्या फिनिक्सकडून तेव्हा टॉरासी आणि ग्रायनर दोघीही खेळत होत्या.