ती जगाला नवखी, जग तिला नवखं

प्रश्न असा आहे: 'मुलांसाठी अद्भुतकथा लिहितो आहे. बारा वर्षांची मुलगी नव्या घरी राहायला येते आणि तिला जमिनीखाली एक वेगळंच जग सापडतं. तिला नवागत म्हणावं, नवखी म्हणावं, की आणखी काही? आणि त्या जगाला गुप्त म्हणू की अदृश्य?'

माझं मत 'नवखी'ला. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा: 'ती त्या जगाला नवखी होती.' 'तिला ते जग नवखं होतं.' कोण कोणाला नवखं, ते बदललं, पण शब्द तोच आणि प्रत्ययही तोच, 'ला'. नवखेपणा एका बाजूचा नसतोच, तो दोघांच्या मध्ये असतो. तुमच्या गोष्टीचा गाभाही हाच असणार. मुलगी भुयारात डोकावून थक्क होते, तेव्हा भुयारातलेही कोणीतरी तिच्याकडे तितक्याच कुतूहलानं पाहत असतील. ('भुयार' हा 'भूमिगृह' या संस्कृत शब्दापासून आलेला. म्हणजे ते नुसतं बीळ नाही, मुळात जमिनीखालचं घर आहे. हे तुमच्या उपयोगी पडेल.)

'नवागत' असा उलटत नाही. नव आणि आगत, म्हणजे नुकताच आलेला. माणूस नवागत असतो, जग नवागत होऊ शकत नाही. शिवाय हा शब्द यजमानाच्या तोंडचा आहे. येणारा स्वतःला 'मी नवागत' असं सहसा म्हणत नाही. 'नवागतांचे स्वागत' म्हणताना 'आगत' दोनदा येतं, कारण 'स्वागत'ही सु आणि आगत मिळूनच झालेलं. म्हणून भुयारातल्या एखाद्या वृद्ध द्वारपालानं तिला 'नवागत' म्हटलं तर फार शोभेल. निवेदनात मात्र तो शब्द जड होईल.

'उपरी' हा शब्द बाहेर ढकलणारा आहे, तो फक्त तिचा दुस्वास करणाऱ्या पात्राला द्या. 'नवशिकी' ती तिथली विद्या शिकू लागली तरच.

'परकी' हा एक शब्द खरोखर तोडीचा आहे, कारण तोही दोन्ही बाजूंनी चालतो. पण परकेपणात दुरावा असतो, तो कोणीतरी पुढे होऊन मोडावा लागतो. नवखेपणा सवयीनं आपोआप सरतो. म्हणून तर 'नव्याचे नऊ दिवस' म्हणतात. तिथे खेळही छान झाला आहे, कारण संस्कृतात 'नव' म्हणजे नवं आणि 'नव' म्हणजे नऊसुद्धा.

याच 'नव'च्या घराण्यातला 'नवल' मला सगळ्यांत आवडतो. जे नवं, त्याचंच आश्चर्य वाटतं, म्हणून नवल. आश्चर्य या अर्थानं तो थेट ज्ञानेश्वरीत भेटतो. मुलांच्या गोष्टीत 'तिला आश्चर्याचा धक्का बसला' असं लिहिण्यापेक्षा 'तिला नवल वाटलं' लिहा. वाक्य हलकं होतं आणि 'नवखी'शी त्याचा सूरही जुळतो. एक सावधगिरी: विभक्ती लागली की 'नवख्या मुलीला', 'नवखी मुलीला' नव्हे. हल्ली ही चूक छापलेलीही दिसते.

आता त्या जगाकडे. 'अदृश्य' नकोच. समोर असूनही दिसत नाही ते अदृश्य. तुमचं जग जमिनीखाली आहे, खाली उतरलं की दिसतं. उरलेल्या शब्दांतून निवड करण्याआधी एक ठरवा: ते जग लपवलं कोणी? संस्कृतातला 'गुप्' हा धातू रक्षण करणे या अर्थाचा. 'गुप्त' म्हणजे आधी राखलेलं आणि मग झाकलेलं. चंद्रगुप्त म्हणजे चंद्रानं रक्षिलेला, लपून बसलेला नव्हे. तेव्हा जगाला पहारा असेल तर 'गुप्त'. तिथल्या लोकांनी भीतीनं स्वतःच आडोसा घेतला असेल तर 'लपलेलं'. कोणा दुष्टानं ते झाकून टाकलं असेल तर 'लपवलेलं'. एका 'व'नं सगळं कथानक बदलतं! आणि कोणाचाच हेतू नसेल, ते नुसतं तिथे होतं, कोणी पाहिलं नव्हतं, तर 'दडलेलं'. शब्दांत अर्थ दडलेला असतो तसं. तुम्ही सांगितलेल्या गोष्टीला मला हाच शब्द जवळचा वाटतो.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी गोष्टीच्या शेवटासाठी एक शब्द सुचवतो. 'नवखं'च्या उलट काय? 'जुनं' नाही, 'ओळखीचं' हेही अपुरं. उलट आहे ते 'रुळलेलं'. माणूस एखाद्या ठिकाणी रुळतो आणि वाटही पावलांनी रुळते. इथेही तीच दुहेरी चाल. मुलगी रोज भुयारात जाईल, तशी ती तिथे रुळत जाईल आणि तिच्या पावलांखाली ती वाटही रुळत जाईल. पहिल्या प्रकरणात दोघांना 'नवखं' म्हटलं असेल, तर शेवटच्या प्रकरणात दोघांसाठी हे एकच क्रियापद ठेवा. मुलांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.