झोळीत पाठ का गारठते?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही सहा जण चोरल नदीच्या काठी मुक्कामाला गेलो होतो. बाकीचे तंबूत झोपले आणि मी दोन झाडांना हॅमक, म्हणजे कापडाची टांगती झोळी, बांधून त्यात स्लीपिंग बॅग घेऊन झोपलो. वरून आणखी एक ब्लँकेट घेतले, तरी मध्यरात्रीनंतर पाठ आणि कंबर इतकी गारठली की डोळ्याला डोळा लागला नाही. शिवाय पाऊस नसतानाही पहाटे ब्लँकेट ओलसर लागत होते. काय चुकले असावे? पावसाळ्यात असे झोपता येईल का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आपण पांघरूण वाढवलेत, पण थंडी खालून येत होती. पांघरुणाची ऊब त्याच्या धाग्यांमध्ये अडकून राहिलेल्या हवेमुळे टिकते. झोळीत आपल्या वजनाने पाठीखालची स्लीपिंग बॅग दबून चपटी होते, ही हवा निघून जाते, आणि पातळ कापडाखालून वाहणारा वारा पाठीची ऊब रात्रभर नेत राहतो. अशा वेळी वरून चार ब्लँकेटे घेतली तरी उपयोग होत नाही.

स्वस्त उपाय म्हणजे योगासनांसाठी वापरतात तशी फोमची चटई. ती सरकू नये म्हणून स्लीपिंग बॅगेच्या आत घालावी, आणि खांदे तिच्याबाहेर राहत असतील तर तेथे फोमचा आडवा तुकडा जोडावा.

मला स्वतःला झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला रजई टांगणे अधिक पसंत आहे, कारण तेथे ती दबत नाही. आपल्याकडे कापसाची रजई घरोघर असते, परंतु ओली झाली की ती जड होते आणि लवकर वाळत नाही, म्हणून पॉलिएस्टर भरलेली हलकी रजई घ्यावी. मी तिच्या दोन्ही लांब कडांना परकराला असतो तसा नेफा शिवून त्यात नाडी ओवली आहे, आणि नाडीची टोके इलॅस्टिकने झोळीच्या दोन्ही टोकांना बांधते. झोळीत निजल्यावर बरोबरच्या माणसाला रजई आणि झोळी यांच्यामध्ये हात घालून पाहायला सांगावे. हात सहज जावा, पण मध्ये पोकळी राहू नये. पोकळी राहिली तर वारा शिरतो, आणि नाडी फार ताणली तर रजई पुन्हा दबते.

झोळी ताठ न बांधता झाडांना बांधलेले तिचे पट्टे आडव्या रेषेशी सुमारे ३० अंशांचा कोन करतील इतकी सैल ठेवावी आणि तिच्यात किंचित तिरके निजावे, म्हणजे पाठ सपाट राहते.

ओलसरपणाचे कारण दव हे होते. ज्या निरभ्र आकाशामुळे ‘शब-ए-मालवा’चे, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचे, एवढे कौतुक होते, त्याच आकाशाकडे उघड्यावरच्या वस्तूंची उष्णता रात्री निघून जाते आणि गार पडलेल्या कापडावर हवेतील बाष्प जमते. वर ताडपत्री असली तर हे बरेच टळते. तोंड पांघरुणात घेऊन झोपल्यानेही श्वासाची वाफ आतच मुरते, तेव्हा नाक उघडे ठेवून कानटोपी घालावी. जागेचाही दोष होताच : रात्री गार हवा उतारावरून खाली येऊन नदीच्या खोलगट भागात साठते. काठापासून थोडे वर, वाऱ्याच्या आडोशाला झाडे निवडली असती, तर थंडी कमी लागली असती. बांधण्यापूर्वी वर वाळलेली फांदी नाही ना, हे अवश्य पाहावे.

पावसाळ्यात झोपता येते, मात्र झोळी ३ मीटर लांब असेल तर ताडपत्रीचा वरचा कणा, म्हणजे झोळीवरून लांबीत जाणारी मधली दुमड, किमान ३.३ मीटर असावा आणि तिच्या बाजू खाली ओढून बांधाव्यात. खालची रजई तिच्याबाहेर डोकावता कामा नये. पाणी पट्ट्यांवरून ओघळत झोळीपर्यंत येते, म्हणून ताडपत्रीच्या आतल्या बाजूस प्रत्येक पट्ट्याला सुताची दोरी बांधून तिचे टोक लोंबते सोडावे. पाणी तेथूनच गळून पडते. झोपण्याचे कपडे वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत आणि दिवसभर भिजलेले कपडे घालून कधीही निजू नये.

विजा कडाडण्याचा संभव असेल त्या दिवशी झाडांना झोळी बांधण्याचा बेतच रद्द करावा. आणि त्या महिन्यांत चोरलच्या काठी मुक्काम करू नये, ही माझी आपणास कळकळीची विनंती आहे. वर डोंगरात पाऊस झाला की आपल्या डोक्यावर थेंबही न पडता नदी फुगू शकते; २०११ च्या जुलैत इंदूरजवळच्या पातालपाणी धबधब्याला अचानक आलेल्या लोंढ्यात सहलीला आलेली माणसे वाहून गेली होती.